नरवाई, मामांचं शेत आणि पाकिटातले शंभर फरारी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रस्ताव दोनदा वाचला. दुसऱ्या वेळी हातात लाल पेन होतं. पंचवीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं की ते आपोआप येतं, तेव्हा रागावू नकोस. मांडणी स्वच्छ आहे, आकृत्या तर माझ्या वेळच्या कुठल्याही विद्यार्थ्याला जमल्या नसत्या. बुरशीतली, सेल्युलोज (काडीतला चिवट भाग) तोडणारी जनुकं एका मातीतल्या जिवाणूत घालायची, तो गव्हाच्या नरवाईवर, म्हणजे कापणीनंतर उरलेल्या खुंटांवर, फवारायचा, आठवड्याभरात खुंट कुजतील, शेतकरी काडी ओढणार नाही आणि धूरही होणार नाही. कल्पना चांगली आहे. शेवटच्या पानावर मात्र तू लिहिलंयस, “पहिली चाचणी सांवेरला मामाच्या शेतावर, याच उन्हाळ्यात.” त्या ओळीसाठी हे पत्र. आपण फोनवर बोललो असतो तर तू “हो मावशी, हो मावशी” म्हणून सुटली असतीस.

आधी नरवाईबद्दल. मामांच्या शेतात तू एप्रिलमध्ये शेवटची कधी उभी राहिली होतीस? तुझ्या प्रस्तावात पंजाबचा हिशेब आहे. तिकडे भात निघाला की दोन-तीन आठवड्यांत गहू पेरायचा असतो, म्हणून वेळ कमी पडतो. आपल्या माळव्यात गहू मार्च-एप्रिलला निघतो आणि सोयाबीन पावसाबरोबर, जूनच्या मध्यानंतर. मधे चांगले दोन महिने आहेत. नसतं ते पाणी. काळ्या मातीला हात घालता येईल एवढ्या भेगा पडलेल्या, वर बेचाळीस अंश, आणि खुंट इतका कोरडा की चालताना कुरकुर वाजतो. तुझं एन्झाइम कितीही तगडं असलं तरी ओलाव्याशिवाय ते करणार काय? जिवाणू काम करतो ते पाण्याच्या पापुद्र्यात. तो पापुद्राच नसेल तर बाटलीतला आणि मातीतला, दोघेही सारखेच झोपलेले. उन्हाळी मूग घेणारे पाणी देतात हे खरं, पण त्यांना शेत लगेच मोकळं हवं असतं, आठवडासुद्धा जास्त वाटतो.

म्हणजे जनुकाकडे जाण्याआधीच प्रश्न चुकला असावा, अशी मला शंका आहे. हार्वेस्टर वरून कापून जातो आणि वीतभर खुंट मागे राहतो. तोच खुंट कापून भूसा करणारं यंत्र वेळेवर आणि परवडेल अशा भाड्यात मिळालं, तर मामा काडी कशाला ओढतील? भुशाला भाव आहे. ही गोष्ट तुझ्या प्रयोगशाळेत कळणार नाही, मामींना विचारलीस तर पाच मिनिटांत कळेल.

आता तुला थोडं चिडवते. तू ज्या गावात, इंदुरात, बसून कुजवण्याचं नवं तंत्र शोधते आहेस, त्या गावाचं नाव जगभर कुजवण्यासाठीच घेतलं जातं. १९२४ ते १९३१ या काळात इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते. तेच आजचं आपलं कृषी महाविद्यालय. कपाशीच्या पराट्या, पालापाचोळा, शेण, गुरांच्या मुतात भिजलेली गोठ्यातली माती आणि राख यांचे थर लावायचे, ओलावा राखायचा, तीनदा उलथायचं, की तीन महिन्यांत खत तयार. ही ‘इंदूर पद्धत’. १९३१ च्या त्यांच्या पुस्तकावर हॉवर्डांच्या शेजारी दुसरं नाव आहे यशवंत वाड यांचं. रसायनाचा हिशेब सांभाळणारा आपला मराठी माणूस, आणि इंदुरातल्या मराठी घरांतही तो कुणाला माहीत नसतो, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. असो. हॉवर्डांचं सगळंच मला पटत नाही. रासायनिक खतांवरचा त्यांचा राग पुढे पुढे श्रद्धेसारखा झाला. पण त्या खड्ड्यात त्यांनी एकही नवा जिवाणू आणला नाही, हे लक्षात घे. जिवाणू इथलेच होते. त्यांना हवा, पाणी आणि नत्र किती लागतं एवढंच त्या दोघांनी मोजत बसून काढलं. देवगुराडियाला २०२२ पासून रोज ५५० टन ओल्या कचऱ्यावर चालण्याच्या क्षमतेचा जो बायो-सीएनजीचा कारखाना आहे, तिथेही हेच. आतले जिवाणू शेणातलेच असतात. कारखाना चालतो तो तुझी आई ओला कचरा वेगळ्या डब्यात टाकते म्हणून.

म्हणून जनुकं बदलूच नयेत, असं मी म्हणत नाही. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, जनुक-संपादित भाताचे दोन वाण आपल्याकडे जाहीर झाले. सांबा मसुरीवरून काढलेला ‘कमला’ आणि एमटीयू १०१० वरून काढलेला ‘पुसा डीएसटी राइस १’. ते वाचून मी पेढे वाटले होते, आठवतंय ना? हेच बघून तू लिहिलंयस की २०२२ पासून अशा कामाला सूट आहे. बेटा, सूट आहे ती रोपाच्या स्वतःच्या जनुकात केलेल्या बदलाला, जिथे शेवटी परकं डीएनए उरत नाही तिथे. तुझ्या जिवाणूत बुरशीची जनुकं आहेत. त्याला १९८६ च्या पर्यावरण कायद्याखालचे १९८९ चे नियम पूर्ण लागू होतात. आधी तुझ्या संस्थेची जैवसुरक्षा समिती, मग आरसीजीएम ही केंद्राची तपासणी समिती, आणि बाहेर सोडायचा तर जीईएसी ही पर्यावरण मंत्रालयाची समिती. मामांचं शेत म्हणजे ‘बाहेर’. घरचं असलं तरी.

हे कागद तुला कटकट वाटतात. मलाही वाटायचे. म्हणून कागद बाजूला ठेवून तुझाच हिशेब करू.

तू ‘किल-स्विच’ घातला आहेस. एक विशिष्ट पदार्थ मिळाला नाही की जिवाणू स्वतःचंच विष बनवून मरणार. ठीक. पण जिवाणू वाढताना चुका करतात, आणि एखाद्याचा तो स्विचच बिघडतो. असे किती निसटले तर चालतील? अमेरिकेच्या आरोग्य-संशोधन संस्थेने, एनआयएचने, घालून दिलेली मर्यादा आहे दहा कोटींत एकाहून कमी. तू ती अभिमानाने लिहिली आहेस, ‘आमचा स्विच ही मर्यादा गाठतो’ म्हणून. आता आपल्याकडचं जैविक खताचं पाकीट घे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे एका ग्रॅममध्ये निदान पाच कोटी जिवंत पेशी हव्यात. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात झाल्या एक हजार कोटी. भाग दहा कोटींनी. एका पाकिटात शंभर फरारी, बेटा, आणि तेही स्विच उत्तम चालला तर. मामांच्या शेताला किती पाकिटं लागतील ते तू मोज. ते शंभर जण पुढे मरतील, असा माझाही अंदाज आहे. चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू असतात आणि उपऱ्याला ते सहसा टिकू देत नाहीत. पण त्यातला एखादा मरण्याआधी शेजाऱ्याला प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणू एकमेकांना देतात तो डीएनएचा छोटा गोल तुकडा, देऊन गेला तर? आणि त्या प्लाझ्मिडवर तू निवडीसाठी ॲम्पिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक ठेवलंयस! पान चार. तिथे लाल पेनाने कागद फाटलाय.

अशा भीतीपोटी लोक खोट्या गोष्टीही पसरवतात, तेही सांगते. नव्वदच्या दशकात क्लेब्सिएला नावाच्या एका जनुक बदललेल्या जिवाणूबद्दल, तो जगातली सगळी झाडं मारू शकला असता, अशी कथा फिरली. २००१ साली न्यूझीलंडच्या जनुकबदलावरच्या राजआयोगापुढे ती टिकली नाही. तुला कुणी असं काही ऐकवलं तर घाबरू नकोस, आकडे माग. माझ्याकडेही माग.

आता माझी गोष्ट. सोयाबीनच्या बियाण्याला लावायची रायझोबियमची, म्हणजे मुळांच्या गाठींत राहून नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची, पाकिटं आम्ही एका योजनेसाठी तयार केली होती. मोजणी मी स्वतः केली, भरगच्च आली. पाकिटं मे महिनाभर पत्र्याच्या गोदामात पडून राहिली. पेरणीनंतर चाळीस दिवसांनी मी शेत बघायला गेले, तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने रोप उपटून माझ्यापुढे धरलं, “मॅडम, गांठें कहाँ हैं?” दोन-चार गाठी होत्या. नखाने फोडल्या तर आत गुलाबी रंग नाही, हिरवट. म्हणजे नत्र बांधणं बंद. परत येऊन उरलेली पाकिटं मोजली तेव्हा ग्रॅमला काही हजार पेशी उरल्या होत्या. पत्रा तापला आणि सगळे मेले. त्या माणसाने माझ्या शब्दावर त्या वर्षी युरिया कमी घेतला होता. त्याचं नुकसान कुणी भरलं नाही. मीही नाही. प्रयोगशाळेतून पाकीट बाहेर पडलं की आपलं काम संपलं, असं मी समजत होते.

माझे मेले म्हणून निदान प्रश्न तिथे मिटला. तुझे मेले तर मामांचा खर्च वाया, आणि जगले तर परत बोलावता येत नाहीत. दोन्हींची सोय प्रस्तावात हवी, आणि तुझ्या अठरा पानांत ‘चाचणीनंतर’ या विषयावर दीड ओळ आहे. कोण पाहणार, किती वर्षं, मातीचे नमुने कुठून घेणार, सापडला तर काय करणार, पैसे कोण देणार?

पाहणारं कुणी नसलं की काय होतं ते जवळच आहे, निमाडात जा. २००२ साली बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं प्रथिन स्वतःच बनवणारी कपाशी, आला तेव्हा शास्त्रज्ञांनी काळजी घेतली होती. साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याबरोबर १२० ग्रॅम साधं बियाणं, कडेला लावायला. साध्या कपाशीवर अळ्या जगतील, त्यांचे पतंग चिवट अळ्यांच्या पतंगांशी जुळतील आणि चिवटपणा पातळ राहील. शास्त्र पक्कं होतं. पण कडेच्या पाच ओळी किडीला चारा म्हणून कोण लावेल, ज्याचं शेतच तीन एकर आहे? बहुतेकांनी ते छोटं पाकीट फेकून दिलं. २०१० पर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला पचवू लागली आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही. लोक म्हणतात शेतकऱ्याने नियम मोडला. माझं मत वेगळं आहे. ज्याच्या खिशाला झळ बसते त्याला न विचारता केलेला नियम हा नियम बनवणाऱ्याचाच दोष.

खिशावरून अफू पिकवणारं मंदसौर-नीमच आठवलं. २०१५ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या गटाने वीसहून जास्त जनुकं घालून साध्या यीस्टकडून साखरेपासून अफूवर्गी औषध बनवून घेतलं. तेव्हा एका मात्रेला यीस्टचं हजारो लिटर द्रावण लागलं असतं, म्हणून लगेच धोका नव्हता. पण तेव्हाच दोन प्रश्न उभे राहिले. हे यीस्ट चुकीच्या हाती गेलं तर? हा सगळ्यांनी विचारला. आणि ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या अफूचा पट्टा, म्हणजे लागवडीचा परवाना, आहे, डोड्याला चिरा देण्याचं कसब आहे, त्यांचं काय? हा फार थोड्यांनी विचारला. अन्नसुरक्षा म्हणजे कोठारात धान्य एवढंच तू लिहितेस. पिकवणाऱ्याला ते विकत घेता येणं हाही त्याचाच भाग धर.

तर, यंदा मामांच्या शेतात जिवाणू जाणार नाही. मी सही करणार नाही. ॲम्पिसिलिनचं जनुक काढ, बदल प्लाझ्मिडवर न ठेवता गुणसूत्रात बसव, आणि तुझ्याच संस्थेत बंदिस्त कुंड्यांमध्ये सांवेरची माती भरून वर्षभर बघ. कुंड्या आणि पाणीसुद्धा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक केल्याशिवाय, बाहेर टाकायचं नाही, हे समितीने सांगायची वाट बघू नकोस.

शेतात काय करायचं तेही सांगते, कारण तुझा उन्हाळा मला वाया घालवायचा नाहीये. नायलॉनच्या जाळीच्या चोवीस पिशव्या शिव. सियागंजात जाळी मिळेल, दीड-दोन मिलिमीटरची. मच्छरदाणीची घेऊ नकोस, किडे आत जात नाहीत. प्रत्येकीत वाळवून, तोलून दहा ग्रॅम नरवाई भर. वीतभर खोल पुर. आठ पिशव्या कोरड्यात, आठ जिथे आठवड्याला पाणी देशील तिथे, आठ पाणी आणि शेणकाला दोन्ही घालून. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक प्रकारातल्या दोन काढायच्या, माती झटकून वाळवायच्या आणि पुन्हा तोलायच्या. इथलेच जिवाणू नुसत्या पाण्यावर किती खातात ते आधी कळू दे. पाण्याचे किती टँकर लागले तेही लिही, मामा विचारतीलच.

तराजू माझ्याकडे आहे, शतांश ग्रॅमपर्यंत दाखवतो. रविवारी सकाळी लोकमान्य नगरला येऊन घेऊन जा. पिशव्यांवर नंबर पेन्सिलीने घाल, शाई मातीत पुसली जाते.

तुझी,
मावशी