परक्या झाडांचा पाचोळा आणि आपली माती

प्रश्न : नेरूळ येथील आमच्या गृहसंकुलात ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरीपुष्प ही झाडे पुष्कळ आहेत. दोन्हींचा पाचोळा आम्ही दोन वेगळ्या खड्ड्यांत टाकतो. गिरीपुष्पाचा पाला पावसाळ्यात दिसेनासा होतो. बाभळीचा वर्ष उलटले तरी तसाच राहतो. परदेशी झाडे जमीन नासवतात, हे खरे काय? ती तोडावीत का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : केवळ परदेशी असल्यामुळे कोणत्याही झाडाचा पाचोळा वाईट ठरत नाही, आपली चिंचही मूळची आफ्रिकेतलीच. पान किती दिवसांत कुजते आणि कुजताना मातीला काय देते, हे पाहावे लागते.

ऑस्ट्रेलियन बाभळीचे कोयत्यासारखे वाकडे पान हे खरे पान नसून रुंद, चपटा झालेला देठ आहे. बी रुजल्यावर येणारी पहिली काही पाने आपल्या बाभळीसारखी बारीक दलांची असतात, पुढे देठच पानाचे काम करू लागतो. हा देठ चिवट असून त्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) आणि टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असते. लिग्निन फोडणे हे मुख्यतः बुरशीचे काम, तेही सावकाश चालणारे. टॅनिन प्रथिनांना बांधून ठेवते. त्यामुळे मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या मदतीने हवेतून मिळवलेले नत्र पाचोळ्यातच अडकून पडते. साचलेल्या थरातून लहान बियांची मुळे मातीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि एप्रिल-मेमध्ये पारसिक किंवा खारघरच्या उतारावर ठिणगी पडली, तर वणव्याला आयते सरपण मिळते.

गिरीपुष्पाचे नेमके उलटे आहे. त्याच्या हिरव्या पाल्याच्या सुक्या वजनात साधारण ३ ते ४ टक्के नत्र असते, म्हणून कोकणातले शेतकरी तो भातखाचरात चिखलणीच्या वेळी गाडतात. मात्र उघड्या टेकडीवर पावसाच्या पहिल्या काही आठवड्यांत मोकळे झालेले नत्र मुळांनी उचलण्याआधीच बरेचसे वाहून जाते, उरलेल्यावर तणे फोफावतात, आणि पाचोळा संपल्याने ऐन पावसात जमीन उघडी पडते. सुबाभळीच्या बारीक पानांचीही हीच तऱ्हा आहे.

ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात ऑगस्टमध्ये ऐन, कुसुम, पळस यांचा मिसळलेला पाचोळा हलकेच उचलून पाहावा. वर अखंड पाने, त्याखाली शिरांची नुसती जाळी उरलेली पाने, त्यांतून गेलेले बुरशीचे पांढरे धागे, एखादी वाणी (पुष्कळ पायांचा सरपटणारा किडा), आणि तळाशी काळी, भुसभुशीत, सुवासिक माती. काही पाने लवकर, काही उशिरा कुजत असल्याने मातीला अन्न बेताबेताने मिळत राहते. माझ्या मते एकाच जातीच्या दाट लागवडीत मातीचे सर्वांत मोठे नुकसान होते ते हा मेळ मोडल्यामुळे.

तेव्हा दोन खड्डे वेगळे ठेवू नका. बाभळीचा पाचोळा तोडून, भिजवून त्यात गिरीपुष्पाचा हिरवा पाला थरांनी मिसळा आणि एखाद्या जुन्या करंजाखालची दोन घमेली माती घाला. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे (कार्बनचे) २५ ते ३० भाग मानवतात. या मिश्रणाने त्याच्या जवळ जाता येते.

मोठी झाडे एकदम तोडू नयेत. उतारावरची माती एका पावसाळ्यात धुपून जाईल. शिवाय १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आधी त्यांची रोपे उपटावीत, शेंगा तडकण्यापूर्वी काढून घ्याव्यात आणि मोकळ्या जागी करंज, ऐन, शिवण लावावेत. ती सावली धरू लागली, की जुनी झाडे परवानगीने टप्प्याटप्प्याने कमी करावीत.