ग्वाल्हेरचा किल्ला कोणत्या वाटेने चढावा, आणि दोन दिवसांत आणखी काय नीट बघून होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या शेवटी पुण्याहून चौघं येताय, आई-बाबा सत्तरीच्या आसपासचे, हाताशी दोन दिवस, आणि टॅक्सीवाला म्हणतोय की किल्ला दोन तासांत होतो.

होतो. पण त्या दोन तासांत किल्ल्याचं तोंड न बघताच माणूस परत येतो.

किल्ल्यावर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेची उरवाई दरवाजाची, जिच्यावरून गाडी थेट वर जाते. आणि ईशान्येची ग्वाल्हेर दरवाजाची, जी फक्त पायी आहे. रिक्षावाल्याला 'ग्वाल्हेर दरवाजा' म्हणू नका, 'किला गेट' म्हणा. टॅक्सीवाले उरवाईनेच नेतात, कारण किला गेटला उतरवलं तर त्यांना सगळ्या डोंगराला वळसा घालून पलीकडून वर यावं लागतं. त्यांची सोय रास्त आहे, पण गुजरी महाल, चतुर्भुज मंदिर आणि मानमंदिराची (हा राजवाडा आहे, देऊळ नव्हे) पूर्वेकडची भिंत ही तिन्ही पायवाटेवर आहेत आणि गाडीने गेलेल्याला एकही दिसत नाही.

म्हणून माझं सरळ सांगणं असं: सकाळी दहाच्या सुमारास चौघंही किला गेटला उतरा. दरवाजातून आत गेल्यावर लगेचच गुजरी महाल आहे, चढ फारसा नाही, आई-बाबांना जमेल. राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) आपली राणी मृगनयनी हिच्यासाठी बांधलेला हा महाल, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, तेव्हा किल्ल्याचा दिवस सोमवारी ठेवू नका. ग्यारसपूरहून आणलेली शालभंजिका, म्हणजे कोरीव दगडी स्त्रीमूर्ती, इथेच आहे. मूर्ती लहान आहे आणि कुलपात असते. तिथल्या कर्मचाऱ्यांना 'शालभंजिका दाखवा' असं मुद्दाम म्हणावं लागतं. न विचारता बरेच जण तसेच पुढे निघून जातात.

इथून दोन तुकड्या करा. आई-बाबा गाडीत बसून उरवाईच्या वाटेने वर जातील, तुम्ही दोघं पायी चढाल आणि वर मानमंदिरापाशी भेटाल. 'मग सगळेच गाडीने वर जाऊ आणि येताना पायी उतरू' असंही काही जण सुचवतील. गुडघे दुखणाऱ्यांसाठी हा सल्ला उलटा आहे. उतारावर प्रत्येक पावलाला भार गुडघ्यावर येतो, शिवाय ती फरसबंदी घासून गुळगुळीत झालेली आहे. रबरी तळाचे बूट घाला, चपला नकोत. सावकाश चढलात तर अर्धा तास धरा.

चढताना गणेश दरवाजा ओलांडला की चतुर्भुज मंदिर लागतं. एकाच खडकात कोरलेलं, इतकं लहान की चौकीच वाटावी. इथे ९व्या शतकातला शिलालेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६. गणिताच्या इतिहासात तो प्रसिद्ध आहे, कारण आज आपण लिहितो तसं गोल शून्य त्यात दोनदा आलंय, २७० मध्ये आणि ५० मध्ये. दार बंद असलं तर आसपास रखवालदार बघा, तो उघडून देतो. मोबाइलचा टॉर्च अक्षरांवर समोरून मारू नका, बाजूने तिरपा धरा, म्हणजे खाचांत सावली पडून आकडे उठून दिसतात. शून्य शेजारच्या आकड्यांपेक्षा लहान आहे, बारीक वर्तुळासारखं. मोठं भोपळ्याएवढं शोधत बसाल तर सापडणार नाही. आणि हे २७० कशाचे? बागेचे! देवाला फुलं मिळावीत म्हणून २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन फुलबागेला दिली, आणि रोज ५० माळा देवळाला यायच्या, अशी ती नोंद आहे. हात दीड फुटाचा धरला तर बाग अडीच एकरांच्या आसपास भरते. तुम्ही प्रश्नात 'बागाही बघायच्या आहेत' असं लिहिलंय. ही बाग आता नाही, पण ग्वाल्हेरची सगळ्यात नामांकित बाग हीच म्हणायची.

त्याच्या वर मानमंदिराची पूर्वेची भिंत अंगावर येते. घुमट्यांचे गोल बुरुज, आणि त्यांच्यावर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकाकत्या फरश्यांचे पट्टे. पिवळी बदकं ओळीने चाललीत, मगरी आहेत, केळीची झाडं आहेत. भिंत पूर्वेकडे तोंड करून असल्यामुळे ऊन तिच्यावर दुपारपर्यंतच असतं, नंतर ती सावलीत जाते आणि फोटोत निळा रंग काळपट येतो. दहाला खाली आणि साडेअकराला इथे, हा हिशेब त्यासाठीच. त्याहून लवकर येण्यात डिसेंबरात अर्थ नाही, धुकं असतं.

हत्ती पोळ या दरवाजातून आत गेलात की वर पोचलात. मानमंदिरात जमिनीखाली दोन मजले आहेत. मुघलांनी तिथे राजबंदी ठेवले. औरंगजेबाने भाऊ मुराद याला १६६१ मध्ये याच किल्ल्यावर मारवलं. जिने अरुंद, पायऱ्या उंच, अंधार आणि वटवाघळांचा वास. आई-बाबांना खाली नेऊ नका, वरचे दोन चौकच जास्त सुंदर आहेत: छताखालच्या कोरीव दगडी टेकूंकडे मान वर करून बघा. उत्तरेकडचे जहांगीर महाल, शाहजहान महाल, जौहर कुंड हे राज्य सरकारच्या ताब्यात आहेत, त्यांचं तिकीट वेगळं. वेळ कमी पडत असेल तर हाच भाग गाळा.

इथून पुढे पायपीट नको, गाडी घ्या. सासबहू मंदिर पूर्वेच्या कड्यावर आहे, तेली मंदिर मानमंदिरापासून किलोमीटरभर दक्षिणेला. 'सासबहू'चा सासूसुनांशी संबंध नाही. मूळ शब्द सहस्रबाहू, विष्णूचं देऊळ, १०९३ सालचं. शिखर गेलंय, पण मंडपाच्या आतल्या छताचं कोरीवकाम शाबूत आहे. तेली मंदिर त्याहून जुनं, सुमारे ३० मीटर उंच, आणि त्याचं छत गाडीच्या टपासारखं लांबट, दक्षिणेतल्या गोपुराची आठवण करून देणारं. जवळच दाता बंदी छोड गुरुद्वारा आहे. सहावे गुरू हरगोविंद जहांगीरच्या कैदेत इथे होते. डोक्यावर रुमाल बांधा आणि लंगरमध्ये जेवा: वर धड जेवणाची दुसरी सोय शोधत फिरण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. हातपाय धुवायला, बसायला जागा आहे, आई-बाबांना तासभर टेकता येईल.

उरवाईने उतरताना दोन्ही बाजूंच्या कड्यांत १५व्या शतकातल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत. गाडी हळू घ्यायला सांगून चालत नाही, उतरून बघा. बाबराच्या हुकुमाने त्यांची तोंडं फोडली होती. काहींवर नंतर नवे चेहरे बसवलेत, जवळून जोड कळतो. ४२ फुटी पार्श्वनाथाची मूर्ती मात्र इथे नाही, ती गोपाचलला, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. लोक इथे ती शोधत राहतात.

संध्याकाळी हजीरा. सूफी संत मोहम्मद गौसांची कबर आणि तिच्या शेजारी तानसेनाची, किला गेटपासून अगदी जवळ. गौसांच्या इमारतीच्या चारही बाजूंच्या दगडी जाळ्या आतून बघायच्या, सूर्य कलताना. तानसेनाची कबर साधा चौथरा आहे, लांबून आलेले बहुतेक 'एवढंच?' म्हणतात. डिसेंबरात तानसेन समारोह असतो. तारखा जुळल्या तर बाकीचं काहीही सोडा आणि तिथे बसा. रात्री उघड्यावरची थंडी पुण्याच्या स्वेटरला ऐकत नाही, शाल आणि कानटोपी हवीच.

दुसरा दिवस लष्करचा, म्हणजे शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या शहराच्या भागाचा, म्हणजे आपला. सकाळी जयविलास महाल. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी बांधवला, आराखडा मायकेल फिलोजचा. तीन तास ठेवा. दरबार हॉलमधली दोन झुंबरं प्रत्येकी साडेतीन टनांची. छत पेलेल का हे बघायला आधी त्यावर हत्ती चढवले होते असं सांगतात. जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडीही इथलीच. मराठा इतिहासाचं दालन आहे, तिथे आई-बाबा रमतील. गाईडांचं हिंदी भरधाव असतं. पाट्या वाचत स्वतः फिरलेलं बरं. साप्ताहिक सुट्टी किल्ल्याच्या संग्रहालयाशी जुळेलच असं नाही, म्हणून येण्याच्या आठवड्यात महालाचा वार बघूनच दिवसांची अदलाबदल करा.

दुपारी फुलबाग. झाशीच्या राणीची समाधी तिथेच आहे, जून १८५८ मधल्या शेवटच्या लढाईची जागा. बागेत मंदिर, मशीद, गुरुद्वारा एकाच आवारात आहेत. शेजारी बैजाताल, बायजाबाई शिंद्यांच्या नावाचा, पाण्यात मधोमध रंगमंच. इटालियन बागही तिथून जवळ. यातलं काहीच एकटं बघायला यावं असं नाही, पण महालाच्या तीन तासांनंतर सपाटीवर सावकाश चालायला उत्तम. मुरारचं सूर्यमंदिर १९८८ चं आहे, कोणार्कच्या धर्तीवरचं. मी असतो तर गाळलं असतं. तो वेळ महाराज बाडा या बाजारपेठेच्या चौकाला आणि छत्री बाजारातल्या शिंद्यांच्या छत्र्यांना द्या.

बटेश्वर, पडावली, मितावली इथली जुनी देवळं हे तिसऱ्या दिवसाचं काम, मुरैना जिल्ह्यात, दोन दिवसांत कोंबू नका.

रेल्वेचं एक. पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस सरळ ग्वाल्हेरला येतात. येताना फारसा त्रास नाही, कारण तुम्ही दक्षिणेकडून येता. परतीची गाडी मात्र जम्मू-दिल्लीकडून धुक्यातून येते आणि तासन्‌तास लेट होते, तेव्हा परतल्यावर दुसऱ्याच सकाळी ऑफिस ठेवू नका. आणि गजक (इथली तिळाची खुसखुशीत वडी) घेतलीत तर पत्र्याच्या घट्ट डब्यात भरा, पुठ्ठ्याच्या खोक्यात धुक्याच्या ओलीने पुण्यापर्यंत सादळते.