बाबांनी नेमकी कोणाला ‘मदत’ करायची?

प्रश्न : आमची मुलगी सात महिन्यांची आहे. तिची अंघोळ, नाचणीचे सत्त्व भरवणे आणि रात्रीचे एक जागरण माझ्याकडे असते. पुरवण्यांमध्ये ‘बाबांसाठी’ छापलेल्या लेखांत मात्र ‘पत्नीला मदत करा’, ‘सुट्टीच्या दिवशी बाळाला फिरवून आणा’ एवढेच सापडते. अंगावर पुरळ उठले तर काय करावे, हे ‘आईसाठी’च्या सदरात असते. मी कुठले पान वाचावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आईचेच पान वाचा. अंगावर पाजणे सोडले, तर त्या पानावरचे असे कोणतेही काम नाही, जे वडिलांना जमणार नाही. कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याच्या पद्धतीलाही आपण ‘कांगारू मदर केअर’ म्हणतो. वास्तविक वडिलांच्या छातीशीही बाळाला तीच ऊब मिळते.

तुम्हाला खटकलेला शब्द ‘मदत’ हाच आहे, आणि तो योग्यच खटकला. मदत दुसऱ्याच्या कामात केली जाते. म्हणजे काम आईचे, हे लेखकाने सल्ला देण्याआधीच ठरवून टाकलेले असते. (आमच्याही जुन्या अंकांत हा शब्द सर्रास आढळेल, हे कबूल करायला हवे.) सगळा दोष लेखकांना देता येत नाही, कारण 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व रजा 26 आठवड्यांची झाली, केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, आणि खासगी नोकरीतील वडिलांसाठी कायद्यात काहीच नाही; मग सल्लाही ‘कामावरून आल्यावर’ याच शब्दांनी सुरू होतो. केंद्राच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत आपल्या घरचे काम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जात होती आणि पुरुषांची 97. मात्र लेखांनी ही तफावत नोंदवणे वेगळे आणि तीच रीत म्हणून शिकवणे वेगळे.

असा लेख हाती आला, की ‘बाबा’च्या जागी ‘आई’ घालून वाचून पाहा. ‘आईने आज बाळाला अंघोळ घालून बाबांना मदत केली’ हे वाक्य कोणी छापेल का?

नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस आहे. लसीकरणाचे कार्ड आतापासून तुमच्याकडे ठेवा. केंद्रावर ‘बाळाची आई कुठे आहे?’ असे विचारतीलच. तेव्हा कार्ड पुढे करा.