टॉल फेस्क्यू गवताच्या कुरणात चरणाऱ्या गाई उन्हात सतत धापा टाकतात, हिवाळ्यातले केसही झडत नाहीत. गवतातली बुरशी कारण असेल का?

हो, लक्षणं अगदी त्याच विषबाधेची आहेत. बुरशी पानावर दिसत नाही. ती गवताच्या आत राहते आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते, त्यामुळे हिरवंगार कुरणही विषारी असू शकतं. जॉर्जियातल्या अमेरिकन संशोधकांनी हा संबंध १९७७ मध्ये दाखवला. बुरशीतल्या अर्गोव्हॅलिन या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. गाय चरणं सोडून सावलीत नाहीतर डबक्यात उभी राहते, दूध आणि वजन घटतं. थंडीत उलटं होतं: खुरापर्यंत रक्त पोचत नाही, मागचा पाय लंगडतो, शेपटीचं टोक सडून गळतं. हे दिसलं तर त्याच दिवशी जनावर हलवा. विष तुऱ्यात सर्वांत जास्त असतं, म्हणून तुरे येण्याआधी कापणी करा आणि कुरणात क्लोव्हर हे द्विदल चारापीक मिसळा. गाभण घोडी शेवटचे तीन महिने तिथे सोडूच नका. विण्याचे दिवस उलटतात, वार (गर्भाचं वेष्टन) जाड होते, दूध उतरत नाही.

मात्र जनावर थरथरत, अडखळत पडत असेल तर ते फेस्क्यूचं नसावं. राय गवतातल्या लोलिट्रेम या विषाने तसं होतं. पशुवैद्याला दोन्ही गवतांचे नमुने दाखवा.