औषध कोणतं मारलं?

बाळा,

तुझी नेमणूक पांढरकवड्याच्या बाजूच्या गावांत झाल्याचं परवा तुझ्या आईने फोनवर सांगितलं. शेतीचं शिकून तू शेतकऱ्यांतच कामाला चाललास, याचा मला फार आनंद झाला. तू तिथे पोहोचशील तेव्हा कापसाची पऱ्हाटी गुडघ्याला लागली असेल. म्हणजे एखादी फवारणी होऊन गेलेली असेल आणि पुढच्यांसाठी कृषी केंद्रात खातं उघडलेलं असेल. तू मला कामाबद्दल दोन गोष्टी लिहून पाठवायला सांगितल्यास. मला पऱ्हाटीतलं तुझ्याएवढं कळत नाही. मी 29 वर्षं उपकेंद्रावर नर्स होते आणि माणसं पाहिली. पण माणसं पाहता पाहता शेतीही दिसतच गेली, त्यातलंच लिहिते.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. तिशीचा एक माणूस दुपारी उपकेंद्रावर आला. "बाई, मळमळते, डोकं गरगरते, उलटी झाली दोनदा." घामाने नुसता निथळत होता. भादव्याचं ऊन होतं, मला वाटलं ऊन लागलं. क्षारसंजीवनीची पाकिटं दिली, पित्ताची गोळी दिली, रजिस्टरमध्ये "उलट्या, अशक्तपणा" असं लिहिलं आणि घरी जाऊन पड म्हटलं. रात्री त्याला ऑटोत टाकून जिल्ह्याला न्यावं लागलं. तोंडातून लाळ येत होती, छातीत घरघर होती, डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. चार दिवसांपासून तो दुसऱ्याच्या वावरात पंपामागे मजुरी घेऊन फवारा मारत होता. माझ्यासमोर बसला होता तेव्हा त्याच्या सदऱ्याला औषधाचा वास येत होता. त्या दिवसांत गावात सगळ्यांच्याच सदऱ्याला तो वास येतो, म्हणून मला तो वेगळा जाणवलाच नाही. आज सकाळपासून काय काम केलंस, एवढा एक प्रश्न मी विचारला नाही.

तो वाचला. अकरा दिवस दवाखान्यात होता. पण त्याच्या घरचं पुढचं ऐक, कारण तुझं काम तिथेच आहे. त्याची स्वतःची तीन एकर होती, कोरडवाहू, कापूस आणि त्यात तुरीच्या ओळी. बायको दवाखान्यात त्याच्याजवळ बसली, तेवढ्यात निंदण राहून गेलं. येण्याजाण्याला, बाहेरच्या तपासण्यांना गावातल्याच एकाकडून व्याजाने पैसे घेतले. पहिली वेचणी घरात आली तशी त्या पैसे देणाऱ्याने ते परत मागितले. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत कापसाची ओल बघतात. 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, 12 च्या वर गेली तर कापूस घेतच नाहीत. म्हणजे कापूस वाळवायला, नंबर लावून थांबायला, गाडी करून न्यायला घरात धडधाकट माणूस हवा आणि हातात थोडी सवड हवी. त्याच्याकडे दोन्ही नव्हतं. दिवाळीआधीच कापूस ओलाच्या ओला खेडा खरेदीवाल्या व्यापाऱ्याला दारातूनच गेला, तो म्हणेल त्या भावाने. पीककर्ज वेळेत भरलं तर 3 लाखांपर्यंत बिनव्याजी पडतं, त्याची मुदत हुकली आणि तेही गेलं. तालुक्यातल्या कुणी त्याचा हिशोब मांडला असता तर "उत्पादन घटले, भाव कमी मिळाला" असं लिहिलं असतं. माझ्या रजिस्टरमध्ये "उलट्या, अशक्तपणा" असं आधीच लिहिलेलं होतं. एकाच घराची ही दोन टोकं दोन वह्यांत पडून राहिली, आणि दोन्ही वह्यांत खरं काय झालं ते नव्हतं.

म्हणून तुला माझं सांगणं एवढंच आहे की तू दोन वह्या करू नकोस. पिकाची नोंद घेशील त्याच पानावर त्या घरातल्या माणसांच्या तब्येतीची नोंद घे. कोण किती दिवस पडून होतं, त्या दिवसांत वावरात कोणतं काम राहिलं, पैसे कुठून आले, हे सगळं लिही.

2017 चं खरीप तुला आठवत असेल, तू शाळेत होतास. त्या एका हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यांत भरती झाली. सरकारने चौकशी पथक नेमलं, प्रकरण नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, काही औषधांवर तात्पुरती बंदीही आली. तेव्हा जो तो एकच विचारायचा, इतकी वर्षं फवारतात, मग याच वर्षी कसं झालं? कारण एक नव्हतं. अळी रोखणाऱ्या बीटी बियाण्याला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी आली होती. पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, त्यामुळे फवारा पायाशी न पडता तोंडावर, छातीवर पडत होता. हवेत दमटपणा होता. दोन-तीन औषधं एकत्र कालवायची सवय पडली होती. आणि मजूर एका वावरातून दुसऱ्या वावरात रोज फवारत होते, मधे एक दिवसाचाही खंड नाही. अंगात गेलेल्या विषाचा परिणाम ओसरायच्या आत दुसऱ्या दिवसाचं विष वर चढत होतं.

एक गोष्ट लोकांना पटवायला मला फार वर्षं लागली. त्यांना वाटतं, तोंडाला दुपट्टा बांधला म्हणजे झालं. विष नाकातोंडापेक्षा कातडीतून जास्त जातं. पाठीवरचा पंप गळत असतो, पाठ ओली होते. ओल्या झाडांतून चालताना मांड्या भिजतात. त्याच कपड्यात माणूस दुपारची भाकर खातो, संध्याकाळपर्यंत राहतो. तू गेलास की रबरी हातमोजे आणि चष्म्याचं वाटप कर म्हणून वरून सांगतील. वाटप कर, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या उन्हात तो सगळा साज घालून कुणी दिवसभर फवारू शकत नाही, हे तू स्वतः एकदा तासभर घालून बघ. मग ज्या गोष्टी खरंच होऊ शकतात त्यांच्यामागे लाग. गळका पंप आधी दुरुस्त करून घ्यायचा. वारा पाठीशी घेऊन चालायचं. ऊन चढायच्या आत थांबायचं. बांधावर साबण आणि स्वच्छ पाण्याचा एक डबा ठेवायचा. कपडे तिथेच बदलायचे, ते घरच्या धुण्यात टाकायचे नाहीत. आणि दोन दिवस फवारलेल्या माणसाने तिसऱ्या दिवशी पंप उचलायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण तिसऱ्या दिवसाची मजुरी बुडते. तिथे तुला शेतमालकाशी बोलावं लागेल, मजुराशी बोलून काही होणार नाही.

मापाकडेही बघ. शिफारस बहुतेक 10 लिटर पाण्याला सांगितलेली असते, पाठीवरचा पंप 15-16 लिटरचा असतो आणि औषध मोजतात ते बाटलीच्या झाकणाने. पॉवर पंपाचा हिशोब तर अजून निराळा. दुकानदार सांगतो "दोन झाकणं टाक", आणि उधारीचं खातं त्याच्याचकडे असल्यामुळे शेतकरी उलट विचारत नाही. तू विचार. पक्की पावती मागायला शिकव. पण त्याहून आधी, फवारणीची गरज आहे का हे बघायला शिकव. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले का, वीस हिरवी बोंडं फोडून त्यांत अळी किती निघाली, अळीने मिटून राहिलेल्या डोमकळ्या दिसतात का. हे मी तुला काय सांगावं, तूच ते शिकून आलास. मी फक्त एवढं सांगते की तुझ्या सल्ल्याने टळलेली एक फवारणी म्हणजे माझ्या हिशोबाने एका माणसाचा एक दिवस विषाविना गेला. त्या गावात तुझ्याएवढं आरोग्याचं काम दुसरं कुणी करू शकणार नाही.

आपल्या भाषेत या दोन्हीला आपण औषध म्हणतो, हे मला नेहमी खुपत आलंय. मी देते तेही औषध आणि पंपात टाकतात तेही औषध. "औषध मारलं" म्हणजे फवारणी केली. आणि कुणी दबक्या आवाजात "त्याने औषध घेतलं" म्हणालं की आपल्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो, हे तुला माहीत आहे. निदान तू तरी वावरातल्याला विष म्हण. आधी लोकांना विचित्र वाटेल, पण मुलांना ते लगेच कळतं. बाटल्या घरात, देवळीत, खाटेखाली ठेवू देऊ नकोस. कुलूपबंद पेटी घराबाहेर हवी, किल्ली एकट्याकडे नको. हे मी उगाच सांगत नाही. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकं एकेक करून बंद केली, आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण पुढच्या वीस वर्षांत निम्म्याहून खाली आलं. निराशेची ती घटका टळली की बहुतेक माणसं जगतात. मी माझ्या गावांत तशी माणसं पाहिली आहेत, त्यांना नातवंडं झालेली पाहिली आहेत. एखाद्या घरात कर्ता माणूस गप्प गप्प राहायला लागला, जेवेनासा झाला, तर पिकाबद्दल नंतर बोल. आधी त्याच्याजवळ बस, सरळ विचार, आणि आशाताईला त्याच दिवशी सांग.

फवारणीनंतर कुणाला घाम, लाळ, मळमळ, अंधारी, दंड-मांड्यांत फडफड असं काही झालं तर ताक, दूध, मिठाचं पाणी पाजू देऊ नकोस. कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं, 108 ला फोन करायचा. आणि बाटली सोबत न्यायची, लेबलसकट. ही बाटली का, ते समजून घे. काही विषांवर अॅट्रोपिनचं इंजेक्शन चालतं, काहींवर उताराच नाही, तिथे फक्त श्वास सांभाळत राहावं लागतं. डॉक्टरला नाव कळलं नाही तर तो अंदाजाने सुरुवात करतो. लेबलवर उताऱ्याचं नाव छापलेलं असतं. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे.

बायांना विसरू नकोस. फवारणीत पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, पण विहिरीवरून पाणी आणणारी, कालवून देणारी, रात्री ते कपडे धुणारी ती असते, आणि तिला कुणी फवारणारी म्हणून मोजत नाही. पुढे वेचणीला त्याच झाडांत ती दिवसभर ओटी बांधून वाकते. वाळल्या बोंडांची टोकं बोटांत घुसतात. मजुरी किलोवर, म्हणून ती पाणीही पीत नाही, आडोशाला जावं लागेल म्हणून. मग जळजळ, ताप, कंबर. आमच्याकडे डिसेंबरात येणाऱ्या बायांतल्या कितीतरी याच दुखण्याच्या असायच्या. त्यात एखादी सिकलसेलची असली तर फारच जपावं लागतं. तहानलेलं राहणं, ऊन, अतिश्रम यांनी तिची हाडं ठणकायला लागतात, आणि घरचे म्हणतात कामचुकार आहे. तुझ्या भागात गोंड, कोलाम, परधान वस्त्या आहेत, तिथे हा आजार आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. ती करून घ्यायला सांग आणि अशा बाईला वेचणीत सावलीचं, पाण्याचं काम मिळेल एवढं तरी बघ.

योजनांचं तुला प्रशिक्षणात सांगतीलच. मी एकच लक्षात आणून देते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघाताची योजना आहे, त्यात विषबाधेच्या मृत्यूलाही 2 लाख मिळतात. पण ती खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, घरात कुणाच्याच नावावर नाही, तो मजूर तिच्यात बसत नाही. आणि पंप तर बहुतेक त्याच्याच पाठीवर असतो. गावात गेलास की पहिल्या महिन्यात अशा फवारणाऱ्या मजुरांची यादी कर. ती कुठल्याच कार्यालयात मिळणार नाही. ग्रामसभेत मांड, तुझ्या वरिष्ठांना पाठव, एक प्रत उपकेंद्राच्या नर्सला दे, म्हणजे त्यांतला कुणी दुपारी घामाघूम होऊन तिच्या दारात आला तर तिला नाव ओळखीचं असेल.

आणि तिला माझा निरोप सांग. रजिस्टरमध्ये तक्रारीच्या रकान्याशेजारी पेन्सिलने एक रेघ ओढून घे म्हणावं, आणि वर लिही, "आज काय काम केलं?" माझ्या शेवटच्या अकरा वर्षांच्या रजिस्टरांत तो रकाना आहे. तिला बघायचा असेल तर पोळ्याला घरी येशील तेव्हा घेऊन ये तिला. पुरणपोळी करीन.

तुझी,
मावशी