तुमचे प्रश्न, ओट्यावरची उत्तरं : लसणाच्या कुरकुरीत चकत्या

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेले होते की उकड्या तांदळाच्या पेजेवर भुरभुरायला लसणाच्या चकत्या मी आता कढईत तळत नाही, एअर फ्रायरमध्ये करते. कृती दिलीच नव्हती. त्यामुळे बऱ्याच जणींनी (आणि दोघा-तिघा दादांनी) आपल्या अंदाजाने करून बघितल्या आणि मग पत्रं आली. त्यातली चार घेतेय.

प्रश्न : ताई, आगोटीला (पावसाळ्याआधीच्या साठवणीला) भरून ठेवलेला लसूण होता, त्यातला पाव किलो सोलून विळीवर चकत्या केल्या. बटाट्याचे चिप्स एअर फ्रायरमध्ये १८० अंश सेल्सिअसवर होतात म्हणून याही १८० वर १० मिनिटं लावल्या. वरच्या काळ्या, खालच्या मऊ आणि सगळ्याच कडूजहर. सासूबाई म्हणाल्या, "गो बाय, कोळसो केलंस!" सोलण्यात अख्खी दुपार गेली होती हो. काय चुकलं?
— एक वाचक, मालवण

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र वाचून खरंच जीव हळहळला, पाव किलो लसूण सोलणं म्हणजे नखं दोन दिवस चुरचुरतात. चूक एकच झाली, तुम्ही लसणाला बटाट्याच्या मापाने मोजलंत. बटाट्यात पाण्याचा अंश ८० टक्क्यांच्या आसपास असतो, लसणात साधारण ६० टक्के, आणि बाकीच्यात मोठा भाग फ्रुक्टॅनचा, म्हणजे साखरेच्याच जातीतला. पाणी कमी आणि ही अशी साखर जास्त, म्हणून १८० वर चकती आतून सुकायच्या आधीच बाहेरून करपते आणि करपला की लसूण कडू होतो, मग त्यावर मीठ घाला नाहीतर चाट मसाला, काही उपयोग नाही.

कुरकुरीतपणा रंगाने येत नाही, पाणी गेल्याने येतो, एवढं धरून चाललात की बाकीचं सोपं आहे.

आता मी कशी करते ते सांगते. शक्यतो मोठ्या कुड्यांचा लसूण घ्यायचा, बारीक गावठी लसूण फोडणीला आणि चटणीला ठेवा, त्याच्या चकत्या करत बसणं म्हणजे नुसता छळ. आगोटीचा लसूण दिवाळीपर्यंत आला की आत हिरवा कोंब धरतो, तो कुडी उभी चिरून काढून टाका, त्याचा उग्र कडवटपणा उतरतो. चकती दीड ते दोन मिलिमीटर, साधारण जुन्या पाच रुपयांच्या जाड नाण्यापेक्षा थोडी पातळ. विळीवर हात कितीही बसलेला असला तरी एक जाड एक पातळ होतेच आणि मग पातळ करपते तोवर जाड कच्ची राहते, तेव्हा चिप्सची किसणी वापरा, बोटं सांभाळून.

मग चकत्या दोन-तीन पाण्यांतून धुवायच्या, हाताला जो चिकटपणा लागतो तो गेला पाहिजे. मग उकळत्या पाण्यात मोजून १ मिनिट. हे मिनिट टाळू नका. लसूण चिरला की त्यातलं अ‍ॅलिनेज नावाचं एन्झाइम लसणातल्याच अ‍ॅलिइन या संयुगावर काम करतं आणि अ‍ॅलिसिन तयार होतं, झोंबणारा तिखटपणा तो तिथला, उकळत्या पाण्यात ते एन्झाइम थांबतं आणि चकती चार दाणे तोंडात टाकावे तशी नुसती खाता येते. काही जणी दुधात उकळतात, चव छान सौम्य येते पण नंतर नीट धुवा, दुधातल्या साखरेने चकती आणखी लवकर लाल होते.

रोवळीत निथळून सुती पंचावर पसरा, वरून दुसरा पंचा दाबा आणि पंख्याखाली अर्धा तास तरी राहू द्या. १०० ग्रॅम लसणाला १ छोटा चमचा तेल, शेंगदाण्याचं किंवा खोबरेल, हाताने चोळून. मशीन १३० वर, चकत्या एकाच थरात, १५ ते १८ मिनिटं, दर ४-५ मिनिटांनी बास्केट हलवायची. प्रत्येकाचं मशीन वेगळं तापतं म्हणून १२ मिनिटांनंतर तिथून हलू नका, दर मिनिटाला उघडून बघा.

आणि ऐका. सुरुवातीला बास्केट हलवली की ओल्या चकत्या थप-थप पडतात, मग जरा खसखस होते आणि झाल्या की वाळक्या शेंगा खुळखुळाव्यात तसा आवाज येतो. तो आवाज आला की रंग अजून पेंढ्यासारखा फिकट दिसत असला तरी बाहेर काढा. मला आधी वाटायचं अजून दोन मिनिटं ठेवू, जरा बदामी होऊ दे, तिथेच घात व्हायचा, कारण बाहेर काढल्यावरही चकती आतल्या गरमीने थोडी लाल होतेच. ताटात पसरून गार झाल्यावर चावून बघा, गरम असताना मऊ लागते म्हणून पुन्हा आत टाकू नका. ज्या पातळ आधी झाल्या त्या चिमट्याने उचलून घ्यायच्या, बाकीच्या राहू द्यायच्या, कंटाळा नको.

प्रश्न : चकत्या हलक्या झाल्या की आत उडतात आणि वर चिकटून जळतात, घरभर वास. बटर पेपर खाली घातला तर तोही उडाला.
— दापोलीहून

उत्तर : एअर फ्रायर म्हणजे वर कॉईल, तिच्या वर पंखा, गरम हवा जोरात फिरते, त्यामुळे सुकलेली चकती वर जाणारच. सोबत येणारी स्टीलची जाळी चकत्यांवर पालथी ठेवा, नसेल तर मशीनमध्ये बसेल अशी स्टीलची साधी जाळी घ्या. नुसता कागद कधीच आत ठेवू नका, कॉईलला लागला तर पेट घेईल. आणि तसाही कागदाने खालची भोकं बंद होतात, मग खालून हवा लागत नाही आणि चकत्या मऊ राहतात.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलेल्या त्या ओळीत आंबटाचं काही नव्हतं म्हणून मी चकत्या लिंबाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्या, सकाळी निळ्या-हिरव्या! फेकून दिल्या. भांड्याचा दोष का?
— वेंगुर्ल्याची एक मुलगी, नुकतंच लग्न झालेली

उत्तर : अगं बाळा, फेकायच्या नव्हत्या. लसणातली गंधकाची संयुगं आणि अमिनो आम्लं आंबटात एकत्र आली की असा रंग येतो, खायला काही अपाय नाही. लोणच्यातला लसूण कधी कधी हिरवट दिसतो तो यामुळेच. आंबट हवं तर चकत्या झाल्यावर सुक्या आमसुलाची पूड भुरभुरा, आमसूल १०० वर ५-७ मिनिटं सुकवून मिक्सरला फिरवलं की होते. मला तर मीठ आणि आमसूल एवढंच आवडतं, पेरीपेरी वगैरे मसाल्यात लसूण कुठे हरवतो कळत नाही.

प्रश्न : मी नोकरीला बाहेर, महिन्यातून एकदा घरी गुहागरला येतो. आईला डबा भरून करून ठेवतो पण पावसात दुसऱ्या दिवशी चामड्यासारख्या होतात. शिवाय उरलेल्या कच्च्या चकत्या तेलात घालून ओट्यावर ठेवल्या तर चालतील का? बाबांना रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे, त्यांनाही हे फार आवडतं.
— एक मुलगा

उत्तर : दादा, आधी तेलाचं, कारण ते महत्त्वाचं आहे. कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर अजिबात ठेवू नका. लसूण मातीतला, मातीतल्या बोट्युलिझमच्या (म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंचे बीजाणू त्यावर असू शकतात, तेलाखाली हवा नाही आणि आंबटपणाही नाही, म्हणजे त्यांना वाढायला हवं तेच. वास किंवा चव बदलेलच असं नाही, त्यामुळे हुंगून कळत नाही. करायचंच तर थोडं करा, लगेच फ्रीजमध्ये आणि ४ दिवसांत संपवा. उरलेल्या चकत्या तेलाशिवाय सरळ फ्रीजरमध्ये टाकणं उत्तम.

बाबांचं डॉक्टरांना विचारा. फोडणीतला लसूण वेगळा आणि वाटीभर चकत्या वेगळ्या, आणि जास्त लसणानेही रक्त पातळ होऊ शकतं, म्हणून त्या गोळीबरोबर विचारल्याशिवाय नको.

आता पावसाचं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीला पाणी सुटतं तिथे चकतीचं काय. पण निम्मा दोष मिठाचा असतो, मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून डब्यात भरताना मीठ लावूच नका, आईंना सांगा ताटात घेताना लावायचं. चकत्या पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरल्या तर झाकणाला घाम येतो आणि तोच खाली पडतो. आणि एक मोठा डबा नको, चार लहान बरण्या करा, घट्ट झाकणाच्या, तळाला कोरड्या भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. रोज एकच बरणी उघडली जाते, बाकीच्या तीन तशाच राहतात. तरी मऊ पडल्या तर १०० वर २-३ मिनिटं फिरवल्या की पुन्हा वाजायला लागतात. आईंना मशीन वापरायची सवय नसेल तर येत्या खेपेला एकदा त्यांच्याकडूनच फिरवून घ्या, आणि बटणावर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवा.