अमेरिकेत स्नॅपच्या (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी अन्नमदतीच्या) ईबीटी कार्डावर, म्हणजे ती मदत जमा होते त्या कार्डावर, असलेले पैसे दुकानात स्किमिंगने (मशीनवर छुपं यंत्र बसवून कार्डाची माहिती चोरून) चोरीला जाऊ नयेत म्हणून काय करावं?

आधी पिन बदला, आणि तोही दर महिन्याला पैसे जमा व्हायच्या आदल्या दिवशी. बहुतेक राज्यांच्या ईबीटी कार्डावर अजून चिप नाही, नुसती काळी चुंबकीय पट्टी आहे. चोर दुकानातल्या मशीनवर हुबेहूब तसंच प्लास्टिकचं झाकण बसवतात. ते पट्टी वाचतं आणि दाबलेला पिनही टिपतं. मग नकली कार्ड तयार करून पैसे जमा होण्याची वाट पाहतात, बरेचदा मध्यरात्रीच खातं रिकामं करतात. त्याआधी पिन बदललेला असला की ते नकली कार्ड कुचकामी ठरतं.

कार्ड घासण्यापूर्वी मशीनची कड बोटांनी धरून जरा ओढून पाहा. झाकण असेल तर ते हलतं, बटणं नेहमीपेक्षा जाड आणि आत रुतलेली वाटतात. शेजारच्या गल्ल्यावरच्या मशीनशी ताडून पाहिलं तर फरक लगेच कळतो. संशय आला तर कार्ड घासूच नका, मॅनेजरला सांगा. पिन दाबताना दुसरा हात वर धरा.

तुमच्या राज्याच्या ॲपमध्ये कार्ड लॉक करायची सोय असेल तर खरेदी झाली की लगेच लॉक करा. राज्याबाहेरचे आणि ऑनलाइन व्यवहारही बंद ठेवा. इतकं बजावून सांगतोय, कारण चोरीची भरपाई केंद्राच्या पैशातून देण्याची तरतूद २० डिसेंबर २०२४ ला संपली. लेकरांच्या तोंडचा घास गेला तर तो परत मिळेलच असं नाही.

कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये चिपची कार्डं द्यायला सुरुवात केली. तिथे राहत असाल तर पट्टी न घासता चिपच वापरा.